सुट्टीच्या आठवड्यातले नलोपाख्यान

मराठीच्या प्राध्यापकांना विनोद कळत नाही, असा एक समज विद्यार्थ्यांमध्ये रूढ आहे. 'विनोदाची मीमांसा' या प्रश्नाची उत्तरे वर्षानुवर्षे तपासल्यावर तो फारसा गैरसमज उरतही नाही. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एकाच घरात राहतो, त्यामुळे आमच्याकडे हा दोष दुपटीने असावा. तरीही 2022 च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा आम्ही अशा मंडळींच्या संगतीत काढला, की ज्यांच्या थट्टामस्करीतले पहिल्या दिवशी आम्हाला अक्षरही उमगले नाही, आणि आठवडा संपताना ज्यांच्यातून उठून येववत नव्हते.

गेलो होतो ते हौसेने नव्हे. 2006 पासून आम्ही पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत होतो. सुमारे तीनशे मुद्रणे जमली होती. ज्या बायांनी त्या ओव्या म्हटल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आज हयात नाहीत. हे सारे एका हार्ड डिस्कवर होते. प्रत्येक फाइलला गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असल्यामुळे वेगळी वही ठेवण्याचे आम्हाला सुचले नाही. दिवाळीनंतर एका सकाळी संगणकाने ती डिस्क ओळखायचेच नाकारले. शेवटचा आधार म्हणून ती घेऊन आम्ही पुण्याला भाच्याकडे गेलो.

भाचा 'डीबीए' आहे. म्हणजे परक्यांच्या माहितीच्या कोठारांचा राखणदार. त्याच्या कंपनीचे ग्राहक अमेरिकेत आणि युरोपात. नाताळ ते नववर्ष या काळात तिकडे सगळे सुट्टीवर असतात आणि दुरुस्ती करायला कोणी जागेवर नसते. म्हणून कोणताही बदल करायचा नाही, असा दंडक असतो. त्याला ते 'चेंज फ्रीज' म्हणतात. काम नाही, पण जागे मात्र राहायचे! राखणदाराच्या नशिबी सर्वत्र हेच येते. तेव्हा भाचा, सोलापूरचा एक मुलगा, अमरावतीची एक मुलगी आणि यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असा एक केरळी गृहस्थ, असे चौघे आपापले लॅपटॉप घेऊन वाकडच्या त्या फ्लॅटमध्ये ठाण मांडून बसत.

पहिल्याच दिवशी भाच्याने आमची डिस्क एका यंत्राला जोडली. "मामा, मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही. आधी तिची जशीच्या तशी प्रत. जे काय प्रयोग करायचे ते प्रतीवर," तो म्हणाला. हस्तलिखिताच्या समासातही पेन्सिल लावू नये, हे आम्ही पाठचिकित्सेच्या तासाला वीस वर्षे सांगत आलो आहोत. त्या क्षणी प्रथमच वाटले, की आपण अगदी परमुलखात आलेलो नाही. डिस्क जागोजागी खराब असल्यामुळे प्रत मुंगीच्या पावलाने होत होती. पडद्यावर एक टक्केवारी दिसे. आम्ही ती पाहत असू आणि चौघे चेष्टा करीत असत.

चेष्टेचे मासले असे. एक क्वेरी खानावळीत शिरते, समोर दोन टेबले पाहते आणि अदबीने विचारते, "मी तुम्हाला जॉइन करू का?" (दोन तक्ते जोडण्याच्या आज्ञेला 'जॉइन' म्हणतात, हे आम्हाला नंतर समजावण्यात आले. समजावलेला विनोद हा मेलेला विनोद, हे सूत्र आम्हीच शिकवतो. तरी आम्ही हसलो.) संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने 1970 साली मांडली आणि 1985 साली त्याचे बारा नियम घालून दिले, ते मोजले तर तेरा भरतात, कारण गणती शून्यापासून आहे! 'ओरॅकल'वर शिकणाऱ्यांना सरावासाठी जे खाते मिळे, त्याचे नाव 'स्कॉट' आणि परवलीचा शब्द 'टायगर' असे. स्कॉट हा तिथला सुरुवातीचा एक कर्मचारी आणि टायगर हे त्याच्या घरचे मांजर. 'मायएसक्यूएल'मधील 'माय' ही त्याचा कर्ता विडेनियस याची थोरली लेक आणि 'मारियाडीबी'मधली मारिया धाकटी. "आमच्या धंद्यात एवढंच काय ते घरगुती," केरळी गृहस्थ इंग्रजीत म्हणाले.

ऐकता ऐकता आमच्या लक्षात आले, की हे विनोद कोणी एकाने रचलेले नाहीत. खानावळीच्या जागी मूळ विनोदात दारूचा गुत्ता होता. सोलापूरकराने त्याची खानावळ केली होती. कर्ता अज्ञात, पाठभेद अनेक, प्रसार मुखोद्गत. लोकसाहित्याची सारी लक्षणे बसत होती. आणि लोकसाहित्यासारखेच त्यांच्या तळाशीही एक भय होते. एखाद्या तक्त्यातल्या ओळी पुसताना 'डिलीट' या आज्ञेपुढे 'व्हेअर', म्हणजे नेमके कुठले, हे सांगावे लागते. ते राहिले तर तक्ता मुळापासून रिकामा होतो. "'कुठलं' विसरलं की 'सगळंच' होतंय बघा," सोलापूरकर म्हणाला आणि चौघेही जरा जास्तच हसले. मग कळले, की नोकरीच्या पहिल्या वर्षी तो स्वतःच हे विसरला होता. "त्या रात्री आईला फोन केला, म्हटलं, परत येतो, शेती करतो." दुसऱ्याने राखलेली प्रत होती, म्हणून तो वाचला. आता तो हा विनोद दर नव्या मुलाला सांगतो. ती थट्टा नव्हती, ताकीद होती. हसत सांगितली तर लक्षात राहते, एवढेच.

सर्वांत अधिक विनोद 'नल'वर होते. ज्या रकान्यातली माहिती ठाऊक नाही, तिथे 'नल' असतो. तो शून्य नव्हे, कोरा शब्दही नव्हे. गंमत अशी, की नल आणि नल समान आहेत का, असे विचारले तर डेटाबेस 'होय' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. 'माहीत नाही' म्हणतो. दोन माणसांची वये ठाऊक नसतील, तर ती समवयस्क आहेत असे कसे म्हणावे?

आता हा शब्द मराठीच्या प्राध्यापकांपुढे उच्चारल्यावर जे व्हायचे ते झालेच. आमच्यापैकी एकाने विचारले, "नल आणि नल समान नाहीत, हे प्रथम कोणाला कळलं, ठाऊक आहे का?" आणि दमयंतीचे स्वयंवर सुरू झाले. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नलाचे रूप घेऊन बसलेले. एका ओळीत पाच नल. रघुनाथ पंडितांनी ज्या कथेवर आपले काव्य उभारले, तीच ही कथा.

"दमयंती विदर्भाची, म्हणजे आमच्याकडचीच," अमरावतीकर मुलगी सावरून बसली. "मग ओळखलं कसं तिनं?"

"खुणांवरून. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याला घाम आला होता आणि ज्याची माळ सुकली होती, त्याच्या गळ्यात तिने माळ घातली."

"म्हणजे जो नाशवंत तोच खरा," भाचा म्हणाला. आमच्या वर्गात हे वाक्य इतक्या सहज कधी कोणी म्हटलेले नाही.

चौथ्या दिवशी सोलापूरकराने नेहमीच्या ओघात त्यांचा पेटंट विनोद सांगितला: "बॅकअप असतो की नसतो, हे परत आणायला गेल्याशिवाय देवालाही कळत नाही." खोलीत एकदम शांतता झाली. आमच्याकडे बॅकअप नव्हताच, हे सर्वांना माहीत होते. तो ओशाळला. "काकू, तुम्हाला नव्हतो म्हणत," असे काहीसे पुटपुटला. आमच्यापैकी एकीला मग हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच डोळ्यांना पाणी आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातूनच जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचा डेटाबेस केला, हे आम्ही विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगत होतो. त्याच पाठाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे जतन, आमच्या घरी कधी पोहोचलाच नाही. जी ओवी हजार तोंडी राहिली म्हणून टिकली, ती आम्ही एका डबीत कोंडली आणि तिला वाचवले असे समजलो.

तीस तारखेला प्रत पूर्ण झाली. फाइलींची अनुक्रमणिका नष्ट झाली होती, पण डिस्कचा कण न् कण चाळून ध्वनी शोधता येतो, असे भाचा म्हणाला. रात्रभर ते काम चालले. सकाळी 281 फाइली हाती आल्या. आवाज स्वच्छ होते, पण नावे गेली होती. नावांच्या जागी नुसते आकडे. जाते फिरत होते, ओवी येत होती. कोणाची, ते यंत्राला ठाऊक नव्हते.

"281 नल," अमरावतीची मुलगी हलकेच म्हणाली. आणि पुढे, "खुणा शोधू या ना."

वर्षाची अखेरची रात्र आम्ही सहा जणांनी जात्याची घरघर ऐकत काढली. एकीच्या ओवीत दर चरणाशेवटी खोकला होता. एकीच्या काकणांचा नाद, एकीच्या जात्याची खुंटी कुरकुरणारी, एकीच्या मागे सतत ओरडणारा कोंबडा. आम्ही नाव सांगायचे आणि सोलापूरकराने तक्त्यात भरायचे. दोनदा आम्ही अंदाजाने नाव सांगितले, तेव्हा त्याने हात थांबवला. "सर, नक्की का? नसेल तर रिकामं राहू दे. चुकीच्या नावापेक्षा नल बरा." केरळी गृहस्थांनी सांगितले, की कॉड यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात अशा रिकाम्या जागांचे दोन प्रकार मानले होते: माहिती आहे पण हाती नाही, आणि माहिती लागूच होत नाही. आमच्या बायांचे रकाने पहिल्या प्रकारातले. लोकसाहित्याच्या पुस्तकांत आम्ही 'अज्ञात कवयित्री' असे बेधडक छापतो, तेव्हा या दोन प्रकारांतला भेद आमच्या मनातही येत नाही. प्रत्येकीला नाव होते. आम्ही ते हरवले होते.

पुढच्या काही महिन्यांत बहुतेक आवाज ओळखता आले, तेवीस राहिले. त्या मुद्रणांच्या आता तीन प्रती आहेत, तीन गावांत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते तेवीस आवाज घेऊन आम्ही पुन्हा त्याच वाड्यांवर जातो आणि ओट्यावर बसून ऐकवतो. गेल्या खेपेस एका बाईने ओवीच्या मध्यावर हात वर केला. "थांबा. इथं श्वास तोडायची ती आमची आत्याबाई."

संध्याकाळी आम्ही पुण्याला कळवले. उत्तरात भाच्याने एवढेच लिहिले होते: "बावीस."