फुंकर

आमच्या घरी गेली तीन वर्षे एक पाहुणा मुक्कामाला आहे. तो रात्रंदिवस घुरघुरतो आणि वीज खातो. खोलीतल्या हवेत प्राणवायू असतो एकवीस टक्के. हे यंत्र तिच्यातला नायट्रोजन बाजूला सारते आणि उरलेला प्राणवायू नळीवाटे आईच्या नाकाशी पोचवते. आई त्याला ‘जावईबापू’ म्हणते. “घोरतात, खातात आणि जा म्हणायची सोय नाही!”

आईचे वय एकाहत्तर. विडीला तिने जन्मात बोट लावलेले नाही. त्यामुळे डॉक्टरांनी ‘सीओपीडी’ असे निदान केले तेव्हा मी जवळजवळ भांडलोच. त्यांनी शांतपणे विचारले, “स्वयंपाक कशावर करीत असत?” साताऱ्याकडच्या आमच्या घरी गॅस आला १९९६ साली. तोवर वीस-बावीस वर्षे आई चुलीपुढे बसली होती. ओली लाकडे, गोवऱ्या, खिडकी नसलेले स्वयंपाकघर आणि हातात फुंकणी. त्या चुलीवरच्या भाकरीचे मी वर्गात किती रसाळ वर्णन करीत आलो आहे! ती भाकरी आईला काय भावाने पडली, हे मला त्या दिवशी कळले.

हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. मी तो सांभाळायचा म्हणजे आईलाच सांभाळू लागलो. ती उठली की ‘बस’, बोलली की ‘बोलू नकोस’. एका रात्री तिची धाप पाहून मी घाबरलो आणि यंत्राचा आकडा दोनावरून चारावर नेला. सकाळी डॉक्टरांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. अशा रुग्णांना प्राणवायू जास्त झाला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ दिसले की पुरे! माया आंधळी असते हे ऐकून होतो. ती अडाणीही असते, हे नव्याने समजले.

मग श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ, सावकाश सोडायचा. आई हसली. “अहो, ही तर फुंकर! जन्मभर तेच केलंय की.”

गेल्या दिवाळीत तिने करंज्यांचा हट्ट धरला. मी साफ नाही म्हटले. ती एवढेच म्हणाली, “अरे, मला श्वास कमी पडतो, हौस नाही.”

तोडगा आमच्या सौभाग्यवतींनी काढला. प्राणवायूजवळ ज्योत चालत नाही. म्हणून पणत्या दाराबाहेर, कढई स्वयंपाकघरात आणि आई आतल्या खोलीत टेबलाशी. फटाक्यांच्या धुरासाठी खिडक्या बंद. आई मुरड घालू लागली. दोन करंज्या झाल्या की हात थांबे, ओठांचा चंबू होई, पुन्हा मुरड. तिसऱ्यांदा ती थांबली तेव्हा मी न राहवून पारी ओढून घेतली. ती म्हणाली, “दमानं घे. मला घाई नाही, तुलाच आहे.”

खरेच होते ते. तिची धाप मला पाहवत नव्हती, म्हणून मी तिचे काम काढून घेत होतो. मी हात मागे घेतला आणि नुसता शेजारी बसलो. ती थांबली की मीही थांबे. एकवीस करंज्यांना दीड तास लागला. माझ्या आठवणीत इतका वेळ आईजवळ मी लहानपणानंतर बसलोच नव्हतो.

कढईत एकच करंजी फुटली, ती माझी! सौभाग्यवतींनी ती ताटलीत घालून मुद्दाम आणून दाखवली. आईने तिचा तुकडा उचलला, ओठांचा चंबू केला आणि सावकाश फुंकर घालून माझ्यापुढे धरला. पंचेचाळीस वर्षांच्या प्राध्यापकाने मुकाट्याने तोंड उघडले.