वर्णद्वेष पाखंड, मग जात काय?

नगरला एका ख्रिस्ती संस्थेच्या सभागृहात 'ख्रिस्ती श्रद्धा आणि जगापुढील सामाजिक प्रश्न' या विषयावर व्याख्यान होते. आम्ही चार-पाच कार्यकर्ते मुद्दाम गेलो. धर्मांतराच्या चळवळीत काम करणाऱ्याने दुसऱ्या धर्मात गेलेल्या आपल्या माणसांचे काय झाले, हे पाहिलेच पाहिजे.

वक्ते अभ्यासू होते, हे आधी सांगितले पाहिजे. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी सैनिकांना 'आपल्याच शेतकरी भावांना मारू नका' असे जाहीर आवाहन केले आणि दुसऱ्याच दिवशी, 24 मार्च 1980 ला, उपासना चालू असताना त्यांना गोळी घातली गेली. हे सांगताना सभागृह स्तब्ध झाले होते. पण वक्ते खरे रमले ते दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने 1857 मध्ये काही गोऱ्यांच्या 'दुर्बलतेमुळे' काळ्यांची उपासना वेगळी बसवायला परवानगी दिली. आधी सवलत, मग रिवाज, मग थेट बायबलचा आधार! शेवटी 1982 मध्ये ओटावा इथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेने वर्णद्वेषाचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड आहे असे जाहीर केले आणि दोन गोऱ्या चर्चचे सभासदत्व स्थगित केले. नुसता निषेध केला नाही, बाहेर बसवले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

वंश झाला, गरिबी झाली, निर्वासित झाले, हवामान झाले. दीड तासात 'जात' हा शब्द एकदाही आला नाही. आणि हे कुठे, तर नगरला, जिथल्या मंडळ्या महारवाड्या-मांगवाड्यांतून उभ्या राहिल्या!

आम्ही विचारले. उत्तर आले, "जात हा हिंदू समाजाचा प्रश्न आहे, ख्रिस्तात सर्व एक आहेत." मग तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि सवर्णांच्या थडग्यांमधली भिंत कोणी बांधली? कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 च्या आपल्या दलित धोरणात चर्चमधली अस्पृश्यता स्वतःच कबूल केली आहे. भारतातला पहिला दलित कार्डिनल व्हायला 2022 उजाडले. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर लिहिताना मिशनऱ्यांना हेच सुनावले होते, की बाप्तिस्मा दिला म्हणजे काम संपत नाही, त्याच्यावरचा सामाजिक अन्याय तसाच उरतो.

चहाच्या वेळी एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. म्हणाले, "गावात आम्हाला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तहसीलमध्ये मात्र आम्ही ते नाही." महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत टाकले आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच आहेत, त्यामुळे अॅट्रॉसिटीचे संरक्षणही नाही. धर्माची अट काढा, अशी शिफारस रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्येच केली. तरी 2022 मध्ये बालकृष्णन आयोग पुन्हा नेमला गेला.

परतताना आमच्यातलाच एक तरुण म्हणाला, "आपल्याच वाट्याचं पुरत नाही, त्यात अजून भागीदार कशाला?" तो खोटे बोलत नव्हता. कंत्राटी भरतीने आणि खासगीकरणाने जागा खाल्ल्या आहेत. पण जागा खाणारा ख्रिस्ती शेतमजूर नाही. आणि 1956 ते 1990 ही चौतीस वर्षे केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्याला काय ऐकवले जात होते? 'बौद्ध झालात ना, मग आता जात कुठली?' ज्या तर्काने आपल्या दोन पिढ्या दारातून परत पाठवल्या, तोच तर्क आपण दुसऱ्याच्या तोंडावर कसा फेकणार? दलित ख्रिश्चनांची संख्या धरून 15 टक्क्यांची मर्यादा वाढवा, अशी मागणी दोघांनी मिळून करता येते. मागासवर्गीयांच्या सभांत हा विषय निघाला की आपले लोक गप्प बसतात, हे आता थांबायला हवे.

मात्र चर्चला यातून सुटका नाही. सरकारने आदेश बदलावा म्हणून मोर्चे काढणाऱ्या चर्चच्या हातात शाळा, महाविद्यालये, दवाखाने आहेत. घटनेच्या कलम 15(5) ने अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांना प्रवेशातल्या आरक्षणातून सूट आहे. सूट आहे, बंदी नाही. आपल्या संस्थांत दलित ख्रिश्चनांच्या मुलांना प्रवेश आणि नोकऱ्या राखून ठेवायला कोणत्या राष्ट्रपतींच्या आदेशाची वाट पाहायची आहे? किती प्राचार्य, किती विश्वस्त या समाजातले आहेत, हे तरी जाहीर करा.

हे दोन प्रश्न, आणि जातिभेद पाळणाऱ्या मंडळीला ओटावाप्रमाणे बाहेर बसवणार का हा तिसरा, आम्ही वक्त्यांना लेखी दिले आहेत. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि महिनाभरात उत्तर देतो म्हणाले. आले की कळवूच.

जय भीम!