चाललो नॉर्वेला!

माझी थंडीची धाव महाबळेश्वरपर्यंत. त्यामुळे मी डिसेंबरात ओस्लोला जाणार म्हटल्यावर अख्खी विंग हसली. गीझर बंद असला की अंघोळीला दांडी मारणारा हा प्राणी नॉर्वेत काय करणार?

पण ताई तिथे शिकते. दोन वर्षं घरी आलेली नाही. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून तिकिटापुरते पैसे जमले आणि प्लॅनिंग सुरू झालं. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, नकार आला तरी परत नाही! कपड्यांचं गणित मात्र हीट ट्रान्सफरचंच निघालं. एकच जाड स्वेटर नको, लोकरीचे पातळ थर हवेत. मध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. ज्या विषयात केटी लागली, तोच कामाला आला राव! आईने तूप आणि पेढे बांधायला घेतले, तर भारतातून तिथे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. उरली भाजणी. मी आपला ओस्लो-बर्गन रेल्वेची स्वप्नं बघत होतो : १९०९ साली सुरू झालेली लाइन, वाटेत १२२२ मीटर उंचीवरचं फिन्से स्टेशन, सगळीकडे बर्फ.

ताई फोनवर म्हणाली, "अरे, जूनमध्ये ये. डिसेंबरात इथे सूर्य नऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या आत मावळतो. अंधारात काय बघणार?"

"आणि तू काय करतेस त्या अंधारात?"

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

बर्फ काय, पुढेही बघता येईल. तिकीट डिसेंबरचंच काढलं.