पायाची साक्ष

आमच्या थोरल्या बंधूंचा, दादांचा, मधुमेह जुना. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या मांडीतील धमनी तुंबली. डॉक्टरांनी फुगा घालून ती उघडली आणि आत स्टेंट बसविला. त्यापूर्वी कवळ्याच्या देवळात एक प्रदक्षिणा पुरी होण्याआधीच त्यांच्या पोटरीत गोळा येई व ते दीपमाळेपाशी थांबत. पाहणाऱ्यास वाटे, गृहस्थ बांधकाम न्याहाळीत आहेत! उपचारानंतर मात्र पाच प्रदक्षिणा सहज होऊ लागल्या.

सहा महिन्यांनी फेरतपासणी झाली. घोट्याच्या रक्तदाबास दंडाच्या रक्तदाबाने भागून जे गुणोत्तर काढतात, ते १.०५ आले. ०.९ च्या खाली अडथळा समजतात, १.० ते १.४ म्हणजे ठीक. कागद हाती आला आणि आमचे समाधान झाले. लेखी पुराव्यापुढे तोंडी पुरावा चालत नाही, ही आम्हां वकिलांची हाडीमासी खिळलेली समजूत. त्यामुळे पुढे दादा तीन प्रदक्षिणांवर आले, तेव्हा आम्ही त्यांस आळशी म्हटले, आणि तेही सभामंडपात, चारचौघांदेखत. दादा काही बोलले नाहीत.

अंगठ्यावरची जखम भरत नाही, हे प्रथम वहिनींच्या ध्यानात आले. मग डॉप्लर तपासणी झाली. डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली ताऱ्यांच्या प्रकाशासंबंधी मांडलेले तत्त्व येथे ध्वनिलहरींकरवी रक्ताचा वेग मोजते. ओहोळ अरुंद झाला की पाणी जोराने धावते, तसेच हे. एखाद्या ठिकाणी वेग लगतच्या भागाच्या दुपटीहून अधिक भरला, तर निम्म्याहून अधिक वाट बुजली असे धरतात. दादांच्या स्टेंटमध्ये तो तिपटीवर गेला होता.

"मग पहिला कागद खोटा होता काय?" आम्ही उलटतपासणीच्या सुरात विचारले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आकडा बरोबर लिहिला आहे, वकीलसाहेब. पण मधुमेहात घोट्याच्या धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते. अशी कडक धमनी पट्ट्याने नीट दबत नाही, म्हणून दाब आहे त्याहून जास्त दिसतो." बोटांतील बारीक धमन्या सहसा इतक्या कठीण होत नाहीत, म्हणून त्यांनी अंगठ्याचा दाब घेतला. तेथे गुणोत्तर ०.७ च्या खाली गेले की चिंता, दादांचे ०.४५ होते. अडथळा कोठे आहे हे डॉप्लरने दाखविले. जखमेपर्यंत रक्त किती पोहोचते, हे अंगठ्याने सांगितले. अँजिओग्राफीत धमनीत सोडावयाचे औषध मूत्रपिंडांस जड जाऊ शकते, म्हणून पुन्हा फुगा घालण्याचे ठरल्यावरच ती केली.

आम्ही दादांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "अरे, तुझा कागद चांगला होता, म्हणून मीही पायालाच दोष देत होतो."

जखम आता भरली आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, डॉप्लर आणि अंगठ्याचा दाब, दोन्ही. तोवर प्रदक्षिणा मोजण्याचे काम वहिनींनी आमच्याकडे दिले आहे. दादा दीपमाळेपाशी थांबले की आम्हीही थांबतो आणि वहीत लिहितो.