आबांची टीम

परवा नातू मोबाईलवर फुटबॉल बघत होता आणि मला आबा आठवले. आबा म्हणजे माझे थोरले चुलते.

सास्तूर तेव्हा निजामाच्या राज्यात. १९४६ साली आबा शिकायला हैदराबादला गेले, उस्मानियात. शिक्षण उर्दूतून. कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये ते गोलकीपर होते. त्या वर्षीचा टीमचा फोटो आमच्या सोप्यात टांगलेला असे. अकरा पोरं, निम्मी अनवाणी! खाली सगळ्यांची नावं, उर्दूत. (शेवटची मॅच हरलो, हेही आबा हसत सांगत.)

पुढे हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम उस्मानियाचेच, आणि पेशाने शाळामास्तर. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ मध्ये एशियाडचं सुवर्ण मिळवलं. आबांना त्याचा कोण अभिमान! मी मास्तर झालो, त्यात याचाही थोडा वाटा असावा.

फोटोतल्या एकेकावर बोट ठेवून आबा नावं सांगत. मी ऐकल्यासारखं करायचो. उर्दू शिकायचं राहूनच गेलं. फोटो भिंतीवर आहे की, जातोय कुठे...

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात माळवद खाली आलं. आबा गेले. तिसऱ्या दिवशी मातीत फोटोची चौकट सापडली, रिकामी.

जकार्ताला खेळलेल्या रहीमसाहेबांच्या टीममधली नावं मी आजही धडाधड सांगतो. आबांच्या टीममधलं एकच सांगता येतं.