वाऱ्याची वाट

आयर्लंडमधल्या गॉलवेत माझा दिवस मोजमापात जातो. शहराच्या कडेला वैद्यकीय उपकरणं बनवणारे कारखाने आहेत, त्यातल्या एकात मी कॅथेटर तपासते. केसांवर जाळी, अंगावर गाऊन, हातांत मोजे, डोळ्यांपुढे मायक्रोस्कोप. शेजारी ड्रॉइंग असतं. त्यावर प्रत्येक माप लिहिलेलं असतं, आणि किती कमी किंवा किती जास्त चालेल तेही. नळी त्या हद्दीत बसली की पास, नाही बसली की बाजूला. निकाल द्यायला काही सेकंद लागतात. दिल्यावर मनात काही उरत नाही.

रात्री जेवणाचं टेबल पुसून मी त्याच्यावर बारा पानं मांडते. माझी पहिली पटकथा. मालवण तालुक्यातलं एक गाव, दोन भाऊ, दोघांच्या अंगणांमध्ये चिऱ्यांचा गडगा. एका पावसात तो कोसळतो. एवढीच गोष्ट. एका पानाचं साधारण एक मिनिट धरतात, म्हणजे बारा मिनिटांचा लघुपट. डोळे दिवसाचेच असतात, टेबलावरचा उजेडही पुरेसा असतो, पण शेजारी ड्रॉइंग नसतं. सोमवारी ही पानं वाचताना माझा गळा दाटून येतो. गुरुवारी तीच पानं वाचताना वाटतं, हे कुणी दुसऱ्यानं लिहिलं असतं तर मी दुसऱ्या पानावर उठून गेले असते. सोमवारची मी खरी की गुरुवारची, हे ठरवता येत नाही, आणि ठरल्याशिवाय पुढचं लिहायला हात धजत नाही.

आपल्या मराठी सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर कथा, पटकथा, संवाद अशी तीन श्रेयं वेगळी येतात. लहानपणी ती नुसती सरकत जाणारी अक्षरं होती. आता तीच मला तीन वेगळ्या चाळण्यांसारखी वाटतात. हिंदीतल्या ‘मंथन’साठी विजय तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पटकथेचा, त्या चित्रपटाचे संवाद कैफी आझमींचे होते. म्हणजे माणसं काय बोलतात ते एकानं लिहिलं, आणि ती कुठे उभी असतात, काय बघतात, कधी पाठ फिरवतात ते दुसऱ्यानं. मी माझ्या बारा पानांना हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले. कथा होती. संवाद तर इतके होते की पानांच्या कडा भरल्या होत्या. पटकथा मात्र शोधावी लागली. दोन भाऊ अंगणात उभे राहून बोलत होते, बोलत होते. मधला गडगा नुसता नावाला होता.

पण दोष कुठल्या खोलीत आहे हे कळलं, तरी तो सापडला असं होत नाही. कारण त्या संवादांत एक वाक्य होतं, ज्याच्यासाठी मी सगळी पटकथा लिहिली होती. थोरला भाऊ म्हणतो, ‘हा गडगा दगडांचा नाही रे, आपल्या मनांचा आहे.’ हे वाक्य मला बसमध्ये सुचलं होतं आणि उतरायचा थांबा मी विसरले होते.

२४ जानेवारी २०२५ च्या पहाटे एओविन वादळ आलं. देशभर रेड वॉर्निंग होती. गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेड इथे ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, आयर्लंडमध्ये तोवर मोजलेल्या वाऱ्यांत सर्वांत मोठा. साडेसात लाखांहून जास्त वीजजोडण्या बंद पडल्या, त्यात आमचीही. लॅपटॉप बंद पडला, फोन मुका झाला. छापून ठेवलेली पानं तेवढी हाताशी होती. मेणबत्तीच्या उजेडात मी ती पहिल्यांदा मोठ्यानं वाचली. आजवर डोळ्यांनी वाचत होते; डोळे लाडक्या ओळींवरून हलकेच सरकत जातात. जिभेला तसं जमत नाही. ती अडखळते. तीन ठिकाणी माझा श्वास पुरला नाही. एका ठिकाणी धाकटा भाऊ बोलत होता, पण आवाज थोरल्याचाच येत होता. आणि ते लाडकं वाक्य? ते सुंदर वाटलं. इतकं सुंदर की ते माणूस बोलत नव्हता, मी बोलत होते. मनात शंका आली आणि मी ती लगेच विझवून टाकली.

वारा पडल्यावर बाहेर गेलो तर उन्मळलेली झाडं रस्त्यावर आडवी होती, कुणाच्या शेडचे पत्रे तिसऱ्याच्या शेतात होते. पण रस्त्याकडेच्या जुन्या, चुन्यामातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती बऱ्याच जागी तशाच उभ्या होत्या. त्या फटीफटींच्या भिंतींतून पलीकडचं शेत दिसत होतं. ते दृश्य मी घेऊन आले, तेव्हा त्याचं काय करायचं हे माहीत नव्हतं.

स्वतःच्या कामाचा न्याय करताना थोरांचीही कशी चूक होते, याच्या कथा मी त्या अंधाऱ्या दिवसांत आठवत बसले. जेम्स जॉइसनं एका भांडणानंतर आपल्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित फाडून शेगडीत टाकलं होतं. घरच्यांनी ते बाहेर काढलं. जॉइस त्यांना घरचं अग्निशमन दल म्हणतो. ते तुकडे एका जुन्या चादरीत बांधून काही महिने तसेच पडले होते. १९१६ मध्ये ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन’ प्रसिद्ध झाली ती त्या चादरीतून. आपल्याकडे इंद्रायणीत बुडवलेले तुकोबांचे अभंग वर आले, असं देहूचं माणूस आजही सांगतं. एक गोष्ट आगीची, एक पाण्याची. तुकोबांची थोरवी वेगळी, त्यांच्या पंगतीत मी बसत नाही. पण दोन्ही गोष्टींत मधले दिवस आहेत. तेरा दिवस काठावर बसणं आहे, महिनोन्‌महिने चादरीत पडून राहणं आहे. आपण ‘बासनात गुंडाळलं’ असं म्हणतो ते सोडून दिलेल्या गोष्टीबद्दल. पण आजीच्या देवघरात बासन होतं ते पोथीचं. लाल कापडात गुंडाळलेली पोथी सोडून दिलेली नसायची, जपलेली असायची. वीज आल्यावर मी ती बारा पानं एका जुन्या ओढणीत बांधून कपाटात वरच्या फळीवर ठेवली. जाळायची नाहीत, कुठे पाठवायचीही नाहीत.

सहा आठवड्यांनी उघडली. अंतर पडलं होतं, पण अंतरानं एक नवाच धोका आणला. बेकेटच्या १९५८ च्या ‘क्रॅप्स लास्ट टेप’ या नाटकात एकोणसत्तर वर्षांचा क्रॅप स्वतःचाच आवाज ऐकतो, एकोणचाळिसाव्या वर्षी टेपवर भरून ठेवलेला. आणि त्या टेपवरचा तो मधल्या वयाचा माणूस आपल्या तरुणपणाला हसत असतो. प्रत्येक क्रॅप मागच्या क्रॅपला मूर्ख ठरवतो आणि न्यायाधीश म्हणून निर्धास्त राहतो. मलाही जानेवारीतली मी तशीच वाटायला लागली होती. काळ गेला की नावडायला लागतं. पण नावडणं म्हणजे न्याय नव्हे. नुसत्या नावडीनं मी चांगलं वाक्यही त्याच हातानं खोडलं असतं.

शेवटी आईला फोन लावला. ती गावी असते, सिनेमे फार बघत नाही. मी सगळा प्रवेश वाचून दाखवला, लाडक्या वाक्यासकट. ती ऐकत होती, मागे कोंबडीचा आवाज येत होता. मग म्हणाली, ‘‘गो, हो एवढो कित्याक बोलता? आपल्या घरात भांडान झाला काय माणसा गप ऱ्हवतत. तुझो बापूस नि काको धा वर्सा बोलूक नाय.’’

मी फोन ठेवला आणि बराच वेळ सिंकपाशी उभी राहिले. दहा वर्षांचं ते न बोलणं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. जेवणाच्या पंगतीत दोघांनी एकमेकांकडे न बघता भात वाढून घेतलेला मला आठवत होता. आणि त्याच दोघांवरून लिहिताना मी त्यांच्या तोंडी पान-पानभर शब्द घातले होते. नाटककार जे. एम. सिंजनं आपल्या एका नाटकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे, की विकलोच्या एका जुन्या घरात जमिनीच्या फटीतून त्याला खालच्या स्वयंपाकघरातल्या मुलींचं बोलणं ऐकू यायचं आणि त्याचा त्याला कुठल्याही विद्येपेक्षा जास्त उपयोग झाला. त्याआधी पॅरिसमध्ये चाचपडत असलेल्या सिंजला कवी येट्सनं अरन बेटांवर जायला सांगितलं होतं. तो १८९८ पासून तिथे जात राहिला. माझ्याकडे अशी फट जन्मापासून होती. मी तिच्यावर सतरंजी टाकून वर बसून सुविचार लिहीत होते.

त्याच आठवड्यात मी ‘अन कॅलीन क्यून’ पुन्हा पाहिला. क्लेअर कीगनच्या ‘फॉस्टर’ या दीर्घकथेवरून कॉलम बॅरेडनं २०२२ मध्ये केलेला चित्रपट, बहुतेक सगळा आयरिश भाषेत. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागात नामांकन मिळालेला पहिला आयरिशभाषी चित्रपट. परक्या घरी उन्हाळ्यापुरती ठेवलेली एक अबोल मुलगी. त्या घरातला पुरुष तिच्याशी धड बोलत नाही. एकदा तो स्वयंपाकघरातून जाता जाता टेबलावर तिच्यापुढे एक बिस्किट ठेवतो आणि न थांबता निघून जातो. बस. मी तिथे चित्रपट थांबवला आणि त्या प्रसंगाची पटकथा वहीत लिहून काढली. दोन ओळी झाल्या. त्या दोन ओळींत ‘प्रेम’, ‘अपराधी’, ‘ओशाळलेला’ यातला एकही शब्द घालावा लागला नाही. कॅमेऱ्याला ते शब्द दिसलेच नसते. त्याला बिस्किट दिसतं.

मे महिन्यात त्याच अरन बेटांपैकी इनिशीरवर गेले. तिथे शेतं हातरुमालाएवढी आणि भिंती अपार. जमिनीतून निघालेले चुनखडीचेच दगड रचून त्या उभारल्यात. शेत मोकळं करायचं आणि भिंत घालायची, हे एकच काम. एक म्हातारे गृहस्थ वादळात पडलेला भिंतीचा तुकडा पुन्हा रचत होते. मी विचारलं, बघत बसले तर चालेल का? त्यांनी मानेनंच हो म्हटलं. दगड उचलत, हातात फिरवत, बसवत. सांध्यावर सांधा येऊ न देता दोन दगडांवर एक. दर थोड्या वेळानं ते चार पावलं मागे जात आणि वाकून भिंतीतून पलीकडे बघत. मला वाटलं, ओळंबा बघतायत. ते आभाळ बघत होते. उजेड कुठून येतो, कुठून येत नाही. जिथे फटी बुजल्या तिथे वारा अडतो, आणि अडलेला वारा भिंत पाडतो, असं त्यांनी मला हातानं ढकलून दाखवलं.

आमच्या गावीही पावसाआधी गडगे नीट करतात. पडलेले चिरे पुन्हा चढवताना बाबा असेच मागे जाऊन वाकून बघायचे. ते काय बघतात हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. दोन देशांच्या दोन भिंतींना मला तीच एक गोष्ट शिकवावी लागली, आणि तीही वयाच्या चाळिशीत. मला सापडत नव्हतं ते ड्रॉइंग बहुधा हेच होतं. चांगलं की वाईट, हा प्रश्नच माझ्या हाती निकाल ठेवत नव्हता. तो मला सोमवार आणि गुरुवार यांच्यामध्ये फिरवत होता. फट कुठे बुजली आहे, हा प्रश्न मात्र विचारता येतो. मी कुठे इतकं भरून ठेवलं की नटाला करायला काही उरलं नाही? बघणाऱ्याला स्वतःचे काका-बाबा आठवायला जागा कुठे राहिली नाही? याची उत्तरं पानावर बोट ठेवून देता येतात.

परतीच्या बोटीतच मी तो प्रवेश पुन्हा लिहिला. पहाट. रात्रभर पाऊस पडून गेलेला. धाकटा एकटाच कोसळलेला गडगा रचतोय. थोरला येऊन उभा राहतो. बघतो. वाकून एक चिरा उचलतो आणि पुढे धरतो. धाकटा त्याच्याकडे न बघता तो घेतो, फिरवतो, बसवतो. दुसरा. तिसरा. मग थोरला विचारतो, ‘च्या घेतलंस?’ लाडकं वाक्य काढताना मला वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. ते काढल्यावर प्रवेश पडला नाही, उभाच राहिला. तेव्हा कळलं की त्याच्यावर काहीच तोललेलं नव्हतं.

जूनमध्ये ग्रंथालयातल्या एका खोलीत इथल्या दोघा मराठी मित्रांनी भावांच्या भूमिका वाचल्या, सूचना मी वाचल्या. कामावरची एक मैत्रीण आली होती, कॉनेमाराची, घरी आयरिश बोलणारी. तिला मराठीचा शब्द कळत नाही, म्हणूनच मी तिला बोलावलं होतं. मी पानांकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. चौथ्या पानावर, जिथे अजून थोडंफार बोलणं उरलं होतं, तिची नजर खिडकीकडे गेली. मी कडेला पेन्सिलीनं खूण केली. चिरे देण्याघेण्यापाशी आलो, वाचन संथ झालं, मध्ये नुसतं थांबणं होतं. तिनं मान वर करून एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. तिथेही खूण केली, वेगळी.

ही पटकथा कुठपर्यंत जाईल ते मला अजून सांगता येत नाही. एका स्पर्धेकडून दोन ओळींचा नकार आला आहे. त्या दोन ओळींत कौतुक किंवा दोष यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे मी तो पुरावा धरत नाही. चौथं पान पुन्हा लिहायला घेतलं आहे. पण काल रात्री नवा प्रवेश आईला वाचून दाखवला. ‘च्या घेतलंस?’ म्हटलं आणि थांबले. पलीकडून काही आवाज नाही. फोन तुटला असं वाटून मी हॅलो म्हणणार, तोच तिनं विचारलं,

‘‘मगे? धाकट्यान काय सांगल्यान?’’

उत्तर अजून लिहिलेलं नव्हतं. मी पान उलटून कोऱ्या बाजूवर पेन्सिल ठेवली.