एक कोयता, दोन माणसे

‘यंदा किती कोयते आणले?’ ऊसतोडीच्या हंगामात नगर जिल्ह्यात हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे. शहरी वाचकाला वाटेल, लोहाराकडची चौकशी चालली आहे! पण येथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. हिशेबात दोघे मिळून एक. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता! आगाऊ उचल कोयत्यावर, आणि दोघांपैकी एक तापाने पडला तरी खाडा कोयत्याचाच.

हंगेरीच्या लुकाचने १९२३ साली ग्रंथ लिहून सांगितले, की बाजारात माणसामाणसांतले नाते वस्तूंमधले नाते होऊन बसते. विद्वान त्याला वस्तूकरण म्हणतात. पाथर्डीकडच्या मुकादमाने लुकाच वाचलेला नसेल. त्याच्या वहीत मात्र तो पानोपानी सापडतो.

लोणीचा प्रवरा कारखाना १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला, तो शेतकऱ्याच्या मालकीचा. मोठेच काम ते! ऊस पिकवणारा भागधारक झाला. तोडणारा कोयताच राहिला.

एका कोपीपुढे बसलेल्या बाईला मी नाव विचारले.

‘वहीत मालकांचं हाय,’ ती म्हणाली, आणि चूल फुंकू लागली.